गोल आला की हात सोडायचा

सत्तरी ओलांडलेल्या बाईला जेवण जात नाही म्हटलं की लोक आधी शुगर विचारतात, मग गुडघे. त्या सप्टेंबरातल्या शनिवारी माझं जेवण गेलं नाही ते मात्र निव्वळ उत्साहानं. दुसऱ्या दिवशी, इतवारी, दुपारी तीन वाजता मी चर्चमध्ये पेटी वाजवणार होते. मी. नगरकडच्या खेड्यातली चौथी पास, जिला पाच आठवड्यांपूर्वी सा कुठे आणि नी कुठे ते ठाऊक नव्हतं. हे लिहितानाही माझी बोटं टेबलावर चालायला लागतात, आणि सूनबाई आतून विचारते की दरवाजा कोण वाजवतंय.

हीच सूनबाई म्हणते की मी कुठलीही गोष्ट मधूनच सुरू करते. तर मुळापासून सांगते.

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, दौलतगंजातल्या एका गल्लीत. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला हिंदीतलं ‘पानी’ सोडून काही कळत नव्हतं. हिंदी वाचायला शिकले ती नई सडकेवरच्या दुकानांच्या पाट्या वाचत. सासूबाई भाव करत असायच्या आणि मी पाट्या वाचत उभी. माझी शाळा तीच. आमचे हे छापखान्यात खिळे जुळवायचे. एकेक अक्षर चिमटीत उचलून ओळीत बसवायचं, तेही उलटं. त्यामुळे हात असा नेमका की त्यांनी चिरलेल्या काकडीची प्रत्येक चकती सारख्या जाडीची. आणि ते पेटी वाजवायचे.

महिन्यातल्या शेवटच्या इतवारी दुपारी तीनला आमच्या चर्चमध्ये मराठी उपासना असते. बाकीचं सगळं हिंदीत, सकाळी, मराठीत एवढंच. सासऱ्यांच्या काळात मागून बाकं आणून लावावी लागत म्हणे. आता आम्ही चौदा जण उरलो आहोत, त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही. पण भजनं अजून मराठीत, झांजा घेऊन, आणि पुढे पेटीवर हे असायचे.

सहा-सात वर्षांमागे यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात सावरला नाही. पेटीला तर दोन्ही हात लागतात: उजव्यानं सूर धरायचा, डाव्यानं मागचा भाता मारत राहायचा, म्हणजे आत हवा जाते. महिनाभर पेटी कपड्याखाली झाकलेली. मग एका दुपारी मी भांडी घासून येते तो हे पेटीपुढे बसलेले. म्हणाले, “जरा समोर येऊन बस. भाता तू मार.”

बसले. तेव्हापासून सहा वर्षं मी त्यांच्या समोर, पेटीच्या पाठीमागच्या बाजूला बसून उजव्या हातानं भाता मारला. चर्चमधल्या लहान मुलांना वाटायचं की पेटी अशीच वाजवतात, नवरा-बायकोनं मिळून.

सुरुवातीला माझं फार चुकायचं. नको तिथे जोर, हवा तिथे हात ढिला. मग त्यांनी माझ्यासाठी एक वही केली. अकरा भजनं, मोठ्या अक्षरात, म्हणजे चष्म्याशिवाय दिसावीत. शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीच्या खुणा. उभी रेघ म्हणजे भरून मारायचा. तिरकी म्हणजे हलक्या हातानं. आणि गोल आला की हात सोडायचा.

मी विचारलं, सोडायचा म्हणजे? सूर जाणार नाही का?

“पेटीच्या पोटात आणखी एक भाता असतो,” ते म्हणाले. “तो भरलेला असतो. तुला बाहेरून दिसत नाही, एवढंच.”

मी मान डोलावली. आणि खरं सांगते, सहा वर्षांत एकदाही हात सोडला नाही. सगळी मंडळी गात असताना सूर मध्येच गेला तर? आणि तो माझ्यामुळे? गोल दिसला की मी उलट दोन दणके जास्तच मारायची. हे जिभेनं च्च करायचे, पण हसत. घरी येताना रिक्षात म्हणायचे की तुझ्यासारखी विश्वासणारी बाई अख्ख्या मंडळीत नाही, फक्त पेटीवर तुझा विश्वास नाही.

या वर्षी, ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, ते गेले. दवाखान्यात चार दिवस. चौथ्या दिवशी दुपारी मी पलंगाशेजारी स्टुलावर बसले होते. त्यांची छाती वर यायची, खाली जायची आणि मग पुन्हा वर यायला फार वेळ लावायची. सूनबाईनं मला नंतर सांगितलं की माझा उजवा हात चादरीवर सारखा पुढे-मागे चालला होता. मला ते कळलंच नव्हतं. मी समजत होते की मी प्रार्थना करते आहे. मग एकदा छाती वर आली नाही, आणि माझा हात तरीही चालत राहिला. सूनबाईनं तो धरला तेव्हा थांबला.

त्यानंतर मी देवाशी बोलणं टाकलं.

कुणाला कळलं नाही. चर्चला जात होते, डोळे मिटत होते, सगळ्यांबरोबर आमेन म्हणत होते. पण डोळ्यांआड मी सब्जीचा हिशेब करायची, डब्यातलं तेल संपलंय का ते आठवायची. एका घरात राहून माणसं अबोला धरतात ना, ताट वाढतात, पाणी ठेवतात, पण तोंडानं शब्द नाही, तसं माझं आणि देवाचं चाललं होतं. आमच्या अकरा भजनांत एक होडीचं भजन आहे. वादळ उठलंय, शिष्यांची बोबडी वळलीय आणि प्रभू होडीत उशीला डोकं लावून झोपलेला. मला ते भजन आठवलं तरी राग यायचा. झोपलेल्याशी काय बोलायचं, म्हणा.

मराठी उपासना मात्र पेटीवाचून चालेना. एप्रिलात चौदाचे बारा झाले, जुलैत आठ. सूर धरायला कुणी नाही, म्हणून प्रत्येक जण आपापल्या घरच्या सुरात गायचा. सकाळी हिंदीत तरुण पोरं कीबोर्ड वाजवतात, पण त्यांना आमच्या चाली येत नाहीत. ऑगस्टात उपासना संपल्यावर पास्टरसाहेब आमच्याजवळ आले. माणूस फार चांगला, हे गेले तेव्हा चारही दिवस दवाखान्यात येऊन बसलेला. हळू आवाजात म्हणाले की आपण ही उपासना सकाळच्या हिंदीत मिळवून घेऊ या, एखादं मराठी भजन मध्ये घालू.

“आंटीजी, बंद नहीं कर रहे हैं, मिला रहे हैं.”

मिळवणं म्हणजे काय ते चहा करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. चमचाभर दूध पातेल्यात पडलं की पुन्हा कुणी ते वेगळं दाखवू शकत नाही. मी त्या आठ जणांकडे पाहिलं. सगळे चपलांकडे बघत होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं:

“पुढच्या महिन्यापासून पेटी मी वाजवते.”

बहिऱ्या दोघांतल्या एकानं शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणाली? शेजाऱ्यानं कानात ओरडून सांगितलं, तर तो इतका खूश झाला की मला शब्द मागे घेता येईना. पास्टरसाहेबांनी ठीक आहे म्हटलं. सप्टेंबरचा शेवटचा इतवार ठरला. जमलं तर उपासना चालू, नाही तर ऑक्टोबरपासून सकाळच्यात मिळवायची. इतकं सरळ होतं.

घरी येऊन पेटी उघडली तर भात्याच्या घडीत उंदरानं भोक पाडलेलं. भाता मारला की पेटी दमेकऱ्यासारखी फुसफुसायची. दुसऱ्या दिवशी सकाळीच ई-रिक्षा केली आणि पेटी मांडीवर घेऊन नई सडकेला गेले. वाद्यांच्या दुकानातला म्हातारा कारागीर म्हणाला की ठेवून जा, आठ दिवसांनी या. मी म्हटलं, माझ्याजवळ पाचच आठवडे आहेत आणि मला अजून सा येत नाही. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आधी माझ्या केसांकडे मग पेटीकडे, आणि हातातलं काम बाजूला ठेवून तिथल्या तिथे चामड्याची पट्टी चिकटवून दिली. परत येताना फूलबागेपाशी ट्रॅफिक अडला, तर मी रिक्षातच झाकण उघडून एक पट्टी दाबून पाहिली. सूर निघाला. काय सांगू, रिक्षावाल्यानंच मागे वळून “बढ़िया” म्हटलं. हे गेल्यापासून पहिल्यांदा मला भूक लागली.

पुढचे आठ दिवस मी रोज दुपारी पेटीवर बसले. सगळी भजनं कानात पक्की आहेत, तेव्हा बोटांना आपोआप सापडतील असा माझा हिशेब होता. बोटांना काही सापडलं नाही. नवव्या दिवशी भिंतीपलीकडचे भावजी आले. आमची भिंत त्यांच्याशी सामायिक आहे. त्यांच्या घराण्यातले लोक पूर्वी दक्खनेतून फौजेबरोबर इकडे आले. भावजी स्वतः बिजलीच्या खात्यातून रिटायर. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात भजन असतं, तिथे पेटीवर तेच. आमच्या यांना ते दादा म्हणायचे आणि दोघं ओट्यावर बसून पेट्यांबद्दल असे बोलायचे, जसे काही लोक म्हशींबद्दल बोलतात.

भावजी दारातच उभे राहिले. म्हणाले, “वहिनी, आठ दिवस सहन केलं. आता एक तर मला शिकवू द्या, नाही तर मी घर बदलतो.”

मी त्यांना चहा दिला आणि मोठ्या ऐटीत यांची वही पुढे ठेवली. म्हटलं, शिकवायला फार काही नाही, सगळं यांनी यात लिहून ठेवलंय. मला खरंच तसं वाटत होतं. वही सहा वर्षं पेटीवर उभी असायची. त्यातल्या काही खुणा माझ्या, बाकीच्या त्यांच्या असणार असं मी धरून चालले होते. भावजींनी चष्मा लावला, पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. मग पार शेवटपर्यंत चाळली. चहावर साय धरली.

“वहिनी, यात सूर एकही नाही,” ते म्हणाले. “दादांना सूर पाठ होते, त्यांना वही कशाला हवी. यात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत फक्त तुमचंच लिहिलंय.”

मी उठून आत गेले, नळ सोडला आणि तोंड धुतलं. दोनदा. वही नेहमी माझ्याकडे तोंड करून असायची, त्यांना ती दिसतही नव्हती. सहा वर्षं समोर बसून माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं. बाहेर आले तेव्हा भावजींनी एक नवी वही मागितली आणि आखायला घेतली. “आता माझं वाचा,” म्हणाले, “सा रे ग म. चला, अंगठा इकडे.”

रोज साडेअकराला शिकवणी. भजनांच्या चाली त्यांना बऱ्याचशा आधीच येत होत्या. वरचे शब्द आपापल्या देवाचे, खालची चाल एकाच मुलखातून आलेली. जिथे येत नव्हती तिथे मी गाऊन दाखवायची, ते बोटं शोधायचे. होडीचं भजन त्यांना इतकं आवडलं की एका गुरुवारी देवळात गुणगुणले आणि त्यांच्या मंडळातल्यांनी कुठलं नवीन म्हणून विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की शेजारच्या वहिनींचं आहे, त्यात देव झोपलाय पण होडीतून उतरलेला नाही. त्यांनी हे मला अगदी सहज सांगितलं, बोटं पट्ट्यांवर ठेवता ठेवता. मी मात्र त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं. ते भजन मी लहानपणापासून गातेय, आणि मला फक्त उशी दिसायची.

उजवा हात दोन आठवड्यांत बरा चालू लागला. अडलं ते डाव्यापाशी. सहा वर्षं माझ्या उजव्यानं भाता मारलेला. आता डाव्यानं भाता आणि उजव्यानं सूर असं करायला गेले की दोन्ही हात एकच काम करायला लागायचे. भाता पुढे गेला की बोटंही पुढे. बोटं थांबली की भाताही थांबला. भावजी कपाळाला हात लावायचे. म्हणायचे, वहिनी, वेगवेगळ्या खात्यांतली माणसं आहेत ही, यांना वेगवेगळं काम द्या. दोन्ही हात काही ऐकेनात. आणि हाताशी दहा दिवस उरले.

सूनबाई त्या दिवशी शाळेतून लवकर आली होती. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवते. माहेर झाशीचं, ख्रिस्तीच, पण घरात हिंदी. मुलगा रेल्वेत गार्ड. महिन्यातले निम्मे दिवस गाडीवर, तेव्हा घरात आम्ही दोघीच. लग्नाला सात वर्षं झाली, मराठी उपासनेला ती दोनदा आली असेल. समजत नाही म्हणायची. मी तिला टोमणे मारायची की सात वर्षांत पोपटसुद्धा शिकतो. ती म्हणायची, पोपटाला पोरांच्या कॉप्या तपासायच्या नसतात. तर ती दारात उभी राहून माझे दोन हात बघत होती. मग पर्स खाली ठेवली, येऊन समोर बसली, पेटीच्या मागच्या बाजूला, आणि भात्यावर हात ठेवला.

मी तिच्याकडे बघितलं नाही. त्या जागेवर सहा महिने कुणी बसलं नव्हतं.

“मम्मीजी, लिखा क्या है, वो तो मुझे दिखाइए,” ती म्हणाली.

मी यांची वही फिरवली, तिच्याकडे तोंड करून. अक्षरं तिला वाचता येतात, हिंदीचीच ती. शब्दांचा अर्थ निम्मा कळत असेल-नसेल. पण उभी रेघ, तिरकी रेघ, गोल, एवढं सांगितलं आणि पोरीनं भाता असा मारला की मी वाजवायचं सोडून ऐकत बसले. माझ्यापेक्षा चांगला. सांगायला हरकत नाही, यांच्या खुणा तिला माझ्यापेक्षा लवकर कळल्या. भिंतीपलीकडून भावजी ओरडले, आता कसं.

गोलापाशी मात्र तीही अडखळायची. हात सोडू का, असं डोळ्यांनी विचारायची आणि मी मानेनं नको म्हणायची. सहा वर्षांची सवय.

तर तो इतवार. मी कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसले. भावजी आमच्याआधी चर्चच्या दारात हजर, टोपी घालून, पिशवी घेऊन. म्हणाले, शिष्येची परीक्षा आहे, मास्तरानं घरी कसं बसायचं. आणि आत पाहते तर चौदाच्या चौदा. वर हिंदीवाले सात-आठ, तमाशा बघायला. पास्टरसाहेब शेवटच्या बाकावर. सूनबाईनं वही लावली.

पहिलं भजन निघालं, दुसरं निघालं. एकदा बोट घसरलं, पण तेवढ्यात म्हाताऱ्यांनी सूर असा पकडून धरला होता की माझं घसरणं त्यात दडून गेलं. सहा महिन्यांनी सगळे एका सुरात गात होते. अहो, काय आवाज. बहिरे दोघेही गात होते, त्यांना कसं कळलं देव जाणे. तिसरं होडीचं.

आता इथे भावजींची चूक सांगितली पाहिजे, म्हणजे चूक त्यांची नाही, त्यांच्या मंडळाची. त्यांच्याकडे भजन एकदा धरलं की लय वाढवत न्यायची. आणि थांबवायचं काम पेटीवाल्याचं नसतंच. ठराविक एक जण मोठ्यानं जयजयकार करतो, तेव्हा सगळे थांबतात. त्यामुळे त्यांनी मला सुरुवात शिकवली, मधलं शिकवलं, लय वाढवायला शिकवलं. थांबायचं शिकवलंच नाही. आणि घरी आम्ही कधी पुरतं वाजवलं नव्हतं, दूधवाला तरी यायचा नाही तर कुकरची शिट्टी तरी व्हायची.

होडीच्या भजनाचं शेवटचं कडवं झालं. धृपद आलं. मला थांबायचं होतं, पण बोटं गोल फिरून पुन्हा सुरुवातीला गेली. लोक गेले माझ्या मागे. दुसऱ्यांदा धृपद. मागून झांजांचा आवाज आला. भावजींना राहवलं नव्हतं, पिशवीत होत्याच. तिसऱ्यांदा. लय वाढली. टाळ्या सुरू झाल्या. हिंदीवाले उभे राहिले. चौथ्यांदा. मला हसू येत होतं, घाम फुटला होता आणि थांबावं कसं ते येत नव्हतं. या वेगात बोटं एकदम उचलली असती तर सगळं धाडकन कोसळलं असतं. पाचवं धृपद सुरू झालं आणि सूनबाई वहीवरून माझ्याकडे बघत पुटपुटली:

“मम्मीजी, गोल है. छोड़ दूँ?”

शेवटच्या ओळीच्या पहिल्याच शब्दावर गोल होता, चारदा आम्ही तो सवयीनं ओलांडला होता. त्यांनी काढलेला, छापखान्यातल्या हातानं, जसा काही परकारानं ओढलाय. मी मान हलवली. नको अशी नाही. हो अशी.

तिनं हात काढला आणि मांडीवर ठेवला.

आणि सूर गेला नाही. भाता हलत नव्हता, कुणाचाच हात त्यावर नव्हता, आणि सूर चालू होता. फक्त हळूहळू मऊ होत गेला. त्याबरोबर लोक आपसूक मंदावले, झांजा थांबल्या, टाळ्या थांबल्या, आणि ती एक ओळ सगळ्यांनी हळू, अगदी जपून म्हटली, झोपलेल्याला जाग येऊ नये अशी. ओळ संपली तेव्हा सूर संपला. त्याच्या आधी नाही, नंतर नाही.

मला दवाखान्यातली चादर आठवली. सूनबाईनं त्या दुपारच्या माझ्या हाताचं सांगितलं तेव्हापासून मला वाटत होतं की मीच त्यांना श्वास पुरवत होते, आणि मी कमी पडले. सहा महिने हेच आत धरून बसले होते. देवाशी अबोला त्याचाच. मी एवढी मारत राहिले आणि तू काही केलं नाहीस. आता त्या शांततेत मला कळलं की भाता मी मारत होते हे खरं, पण हवा माझी नव्हती. कधीच नव्हती. आत दुसरा कुणी भरून ठेवत होता आणि मला बाहेरून दिसत नव्हता, एवढंच. मी डोळे मिटले, आणि या वेळी सब्जी आठवली नाही.

उपासना संपल्यावर एकच गोंधळ. बहिऱ्यांतला एक म्हणाला की पेटी उत्तम, पण जरा हळू वाजवलीस. भावजी कान पकडून म्हणाले, “वहिनी, थांबायचं शिकवायचं राहिलंच माझं.” मी म्हटलं, त्याचे मास्तर दुसरे होते. पास्टरसाहेब गर्दीतून वाट काढत आले, डोळे पुसत होते का चष्मा ते नीट दिसलं नाही, आणि विचारलं:

“अगले महीने कितने बजे रखें, आंटीजी?”

मी म्हटलं, तीनच.

घरी आल्यावर सूनबाई चहा ठेवायला गेली आणि मी खोलीत जाऊन देवाशी बोलले. आभार वगैरे नंतर. आधी सहा महिन्यांचं सगळं भांडण काढलं, चांगलं अर्धा तास, नगरी मराठीत, जी माझ्या तोंडून कित्येक वर्षांत निघाली नव्हती. त्यानं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही मला वाटलं नाही की मी रिकाम्या खोलीत बोलते आहे. चहा थंड झाला तो सूनबाईनं पुन्हा गरम करून आणला.

आता ऑक्टोबरचं ठरतंय. अकरा भजनांवर म्हातारे खूश नाहीत, बारावं मागतायत. भावजींनी सूर लिहून दिले. पण भात्याच्या खुणा कोण लिहिणार? काल सूनबाईनं यांच्या वहीतलं पहिलं कोरं पान काढलं, पेन्सिलीला टोक केलं आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली की लिहा, मला काय कळतं. मी मोठ्या अक्षरात शब्द लिहिले, मग उभ्या रेघा, तिरक्या रेघा. गोल काही त्यांच्यासारखा जमला नाही, बटाट्यासारखा आला. ती म्हणाली चालेल, समजतोय. मग पान हातात धरून पेटीसमोर जाऊन बसली आणि मला हाक मारू लागली, मराठीत, “मम्मीजी, या ना लवकर.”

तेव्हा जाते. बोटं तर मघापासून टेबलावर चालतच आहेत.